गार होतंय

लोफोटेनच्या टोकाला आमचं बेट.
सतरा घरं, एक प्रार्थनाघर,
आणि लाकडी मांडवांवर उलटे टांगलेले कॉड मासे,
मार्चच्या वाऱ्यात एकमेकांवर आपटून
पोकळ वाजणारे.

असाच मार्च होता. मी आईच्या पोटात, सात महिन्यांची.
दोराच्या एका टोकाला हाल्वारची होडी,
दुसऱ्या टोकाला बाबांची, अर्धी पाण्याखाली.
कापला नसता तर दोघंही गेले असते, म्हणतात लोक.
म्हणोत.
सुरी त्याच्या हातात होती.

बर्फ वितळलं तसं त्यानं
धक्क्यापासून आमच्या दारापर्यंत
पायऱ्या घालायला घेतल्या.
किनाऱ्यावरचा दगड पाठीवर, चढ चढून,
एकेक.
शिवाय छपराला डांबर, थंडीचं सरपण,
मेंढ्यांचं गवत.
सगळं दाराबाहेर. उंबरा कधी ओलांडला नाही.

आई खिडकीबाहेरच्या फळीवर कॉफी ठेवायची.
तो बघायचा. मान हलवायचा.
“अजून काम राहिलंय, ओलाउग.”
कपात बर्फ धरायचा.
संध्याकाळी ती कप आत घ्यायची,
कोमट पाण्यात धरून बर्फ सोडवायची,
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची.

रविवारी तो शेवटच्या बाकावर.
पाळक सांगत, तारण मजुरीत मिळत नाही,
कमावलं ते दान कसलं?
हाल्वार मान डोलवायचा, आमेन म्हणायचा,
आणि सोमवारी पहार उचलायचा.

मला ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.
पायऱ्या मोजत शाळेत जायचे मी,
प्रत्येकीवर टाच आपटत:
फेड. फेड. फेड.
एकशे चौदा झाल्या होत्या
तेव्हा तो पुढच्या दगडावर कोसळला,
डिसेंबरात, सूर्य महिनाभरासाठी गेला त्याच आठवड्यात.

बोडोच्या इस्पितळानं परत पाठवला.
कोण घेतं याला, अशी विचारणा व्हायच्या आत
आईनं बाबांची खाट ओढून चुलीजवळ लावली होती.
उंबरा ओलांडला तो असा,
चार जणांच्या हातांवर, झोळीतल्या माशासारखा,
डोळे छताला लावून.

हात दोन्ही निकामी.
पहिल्या दिवशी त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.
आई वाटी घेऊन बसून राहिली.
चमच्यातून वाफ निघत होती, मग निघेनाशी झाली.
तिनं रस्सा पातेल्यात ओतला, पुन्हा ऊन केला, पुन्हा बसली.
“तोंड उघड, हाल्वार. गार होतंय.”
तिसऱ्या खेपेला
त्याची हनुवटी थरथरली
आणि तोंड उघडलं, पिलासारखं.

त्या रात्री मी भांडी आपटली.
कधी माफ केलंस याला?
“पहिल्याच हिवाळ्यात.”
एकही पायरी नव्हती तेव्हा!
“नव्हती.”
मग सांगितलं का नाहीस? सदतीस वर्षं राबला तो!
आई माझ्याकडे बघत राहिली,
कुठल्या गावची ही, अशी.
“सांगत नव्हते का? रोज?
कॉफी कुणासाठी ठेवत होते?”

मला राग आला. अजून आहे थोडा.
माझा बाप, आणि याला फुकट?
माझ्याकडे जणू किल्ली होती कोठाराची,
आणि आत बघते तर
दाराला कुलूपच नव्हतं कधी.

काल आई तापानं पडली.
वाटी माझ्या हातात आली.
बाहेर बर्फ पडत होतं, सरळ, आवाज न करता;
एकशे चौदाही पायऱ्या झाकून
नुसता पांढरा उतार उरला होता,
न घातलेल्या दगडांची जागाही तीच, घातलेल्यांचीही.

हाल्वार माझ्याकडे बघत होता.
मोजत असावा काहीतरी. की मीच मोजत होते.
चमचा हलला, रस्सा त्याच्या गळ्यावर ओघळला,
मी बाहीनं पुसला.
किती वेळ गेला कोण जाणे.
मग माझ्याच तोंडून आईचा आवाज आला:
उघड. गार होतंय.